न्यायाधीशांनी पगारासाठी कोर्टात जावं का?

न्यायाधीशांची संघटना पगार आणि भत्त्यांसाठी सर्वोच्च न्यायालयात गेली, अशी बातमी आली की पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते. लोकांच्या केसेस वर्षानुवर्षं पडून आहेत आणि यांना भत्ते हवेत! शिवाय मागणारे न्यायाधीश, देणारेही न्यायाधीश, मग काय विचारता. हा राग समजण्यासारखा आहे. पण ज्याची स्वतःची केस तालुक्याच्या कोर्टात चालू आहे, त्यानं तरी हा विषय नीट समजून घ्यावा असं मला मनापासून वाटतं. पगार न्यायाधीशाचा असला तरी पणाला लागतं ते पक्षकाराचं.

आधी एक गैरसमज दूर करू. उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालयातल्या न्यायाधीशांच्या पगाराचा हा वाद नाही. त्यांचा पगार संसद कायद्यानं ठरवते. राज्यघटनेच्या कलम 125 आणि 221 प्रमाणे, एकदा नेमणूक झाली की त्यांचे भत्ते, रजा आणि पेन्शन यांत त्यांचं नुकसान होईल असा बदल करता येत नाही. त्यांच्या पगाराचा खर्च संचित निधीवर भारित असतो. म्हणजे सभागृहात त्यावर चर्चा होऊ शकते, मतदान होत नाही. त्यामुळे एखाद्या निकालावर चिडून सरकारनं 'यांचा पगारच नामंजूर करू' म्हटलं तरी ते जमणार नाही. हा पगार कमी करण्याची वाट घटनेनं कलम 360 च्या आर्थिक आणीबाणीपुरतीच ठेवली आहे, आणि ती आणीबाणी देशात आजवर एकदाही लागलेली नाही.

घटनाकारांनी ही तटबंदी मुद्दाम बांधली. पण ती उच्च न्यायालयाच्या पायरीशी संपते. तिथून खाली जिल्हा न्यायालयं, तालुक्याची दिवाणी आणि फौजदारी न्यायालयं येतात. बहुतेक लोकांचा न्यायव्यवस्थेशी येणारा सगळा संबंध इथंच सुरू होतो आणि इथंच संपतो. वाटणीचा दावा, चेक न वटल्याची केस, पोटगी, जामीन, मोटार अपघाताची भरपाई, सगळं इथं. या न्यायाधीशांवर नियंत्रण उच्च न्यायालयाचं, कलम 235 प्रमाणे. त्यांच्या पगाराची तिजोरी मात्र राज्य सरकारच्या हातात. आणि घटनेत या पगाराला वरच्या न्यायाधीशांसारखं स्वतंत्र संरक्षण नाही.

आता हेच एका केसमध्ये पाहू. रस्त्यासाठी किंवा धरणासाठी जमीन गेलेला शेतकरी वाढीव मोबदला मागतो. निकालपत्राच्या पहिल्याच पानावर एका बाजूला त्याचं नाव असतं आणि 'विरुद्ध' या शब्दाखाली शासनाचं. जिल्हाधिकारी, भूसंपादन अधिकारी, सगळे समोरच्या बाजूला. सरकारी दराच्या कितीतरी पट भाव द्या असा निकाल द्यायचा की नाही, हे खुर्चीवर बसलेल्या न्यायाधीशाला ठरवायचं असतं. त्याच न्यायाधीशाचं दर महिन्याचं वेतन देयक त्याच शासनाच्या कोषागारात पास होतं. त्याच्या बंगल्याची दुरुस्ती सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, गाडीची मंजुरी मंत्रालयात, थकबाकीची फाईल वित्त विभागात. आपल्या देशात सरकार हा सगळ्यात मोठा पक्षकार आहे. जो पक्षकार सगळ्यात जास्त वेळा समोर उभा राहतो, त्याच्याच हातात पगार आहे.

बहुतेक न्यायाधीश या गोष्टीचा निकालावर परिणाम होऊ देत नाहीत, हे मी खात्रीनं म्हणेन. पण व्यवस्था माणसांच्या चांगुलपणावर सोडायची नसते. शेतकऱ्याला हरल्यावरही असं वाटलं पाहिजे की आपल्याविरुद्ध निकाल गेला तो कायद्यामुळे, न्यायाधीशाची फाईल कुठंतरी अडकली होती म्हणून नाही.

संघटना कोर्टात का गेली

ऑल इंडिया जजेस असोसिएशन ही खालच्या न्यायालयांतल्या न्यायाधीशांची संघटना. 1989 मध्ये तिनं सर्वोच्च न्यायालयात रिट याचिका केली. त्या काळी दर राज्यात वेगळं चित्र होतं. न्यायाधीशाच्या पदाचं नाव एका राज्यात मुन्सिफ, दुसऱ्यात सबजज, तिसऱ्यात आणखी काही. पगार वेगळे, निवृत्तीचं वय वेगळं, राहायला सरकारी घर मिळेल की नाही हे नशिबावर. भाड्याच्या घरात राहणाऱ्या न्यायाधीशाचा घरमालकच उद्या त्याच्यासमोर पक्षकार म्हणून उभा राहू शकतो. घराची मागणी चैनीची नव्हती ती यासाठी.

दुसऱ्या कुठल्या मार्गानं हे मागता आलं नसतं का? सरकारी कर्मचारी संप करतात, मोर्चा काढतात, मंत्र्यांना भेटून निवेदन देतात. न्यायाधीशाला यातलं काहीच शोभत नाही आणि परवडतही नाही. ज्या मंत्र्याला आज निवेदन द्यायचं, त्याच्याच फौजदारी खटल्यात उद्या आदेश द्यावा लागू शकतो. पगाराची वाटाघाटी करायला न्यायाधीश सरकारच्या दारात गेला की स्वातंत्र्याला तिथंच तडा जातो. म्हणून कायद्याच्या भाषेत, सगळ्यांसमोर, लेखी कारणं देऊन मागायचं, एवढाच रस्ता उरतो.

13 नोव्हेंबर 1991 ला पहिला निकाल आला. निवृत्तीचं वय सगळीकडे 60 करा, पदनामं सारखी करा, घर द्या, घरी कामापुरतं ग्रंथालय द्या, प्रशिक्षणाची सोय करा, असे आदेश सर्वोच्च न्यायालयानं दिले. केंद्र आणि राज्यं फेरविचारासाठी परत आली. सेवाशर्ती ठरवणं हा आमचा अधिकार आहे, न्यायालयानं त्यात शिरू नये, असं त्यांचं म्हणणं होतं. शिवाय न्यायाधीशांना दिलं की बाकीचे कर्मचारीही तेच मागतील.

24 ऑगस्ट 1993 चा फेरविचार निकाल हा या सगळ्या प्रवासातला माझ्या मते सर्वात महत्त्वाचा टप्पा. तो न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी लिहिला, मुंबई उच्च न्यायालयातून गेलेले आपले सावंत. त्यातला मुद्दा साधा आणि खोल आहे. न्यायाधीश नोकरी करतो, पण तो नोकर नाही. कायदेमंडळ, मंत्रिमंडळ आणि न्यायमंडळ ही राज्यसत्तेची तीन अंगं. न्यायाधीश यातल्या तिसऱ्या अंगाची सार्वभौम सत्ता वापरतो. त्यामुळे तुलना करायचीच तर ती आमदार आणि मंत्री यांच्याशी करा, सचिव किंवा तहसीलदार यांच्याशी नको. प्रशासनातला अधिकारी मंत्रिमंडळाचे निर्णय अमलात आणतो. न्यायाधीश स्वतः निर्णय घेतो, आणि अनेकदा त्याच मंत्रिमंडळाच्या विरोधात घेतो. म्हणून प्रशासनाच्या वेतनश्रेणीला न्यायाधीशांचे पगार जोडून ठेवणं चूक आहे आणि त्यांच्यासाठी वेगळा आयोग हवा.

आपला पगार आपणच ठरवायचा?

इथं प्रामाणिक वाचकाच्या मनात प्रश्न येतोच, आणि तो टाळून चालणार नाही. स्वतःच्या प्रकरणात कुणी स्वतः न्यायाधीश होऊ नये, हे कायद्याचं पहिलं तत्त्व. मग न्यायाधीशांच्या पगाराचा खटला न्यायाधीशांनीच कसा चालवायचा?

याचं एक उत्तर असं की, निकाल देणारे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश. त्यांचा पगार या खटल्यानं एक रुपयानंही वाढत नाही. उत्तर खरं आहे, पण पुरेसं नाही, कारण शेवटी मंडळी एकाच व्यवसायातली. दुसरं उत्तर जास्त वजनाचं आहे. आकडा न्यायालयानं ठरवायचा नाही. स्वतंत्र आयोगानं सगळ्यांचं म्हणणं ऐकून, राज्यांचे आक्षेप नोंदवून, कारणांसह शिफारस करायची. न्यायालयानं ती तपासायची.

हा मार्ग भारतानंच शोधला असंही नाही. 1990 च्या दशकात कॅनडातल्या काही प्रांतांनी खर्चकपातीत न्यायाधीशांचे पगार कापले. मॅनिटोबात प्रांतीय न्यायाधीशांची संघटना कोर्टात गेली. अल्बर्टात तर हा प्रश्न थेट आरोपींनी काढला: सरकार ज्याचा पगार हवा तसा कापू शकतं, तो न्यायाधीश सरकारनं भरलेल्या खटल्यात माझा निवाडा स्वतंत्रपणे कसा करणार? 1997 मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की पगार कापता येईल, गोठवता येईल, वाढवता येईल, पण आधी स्वतंत्र आयोगाकडे जावं लागेल. सरकार आणि न्यायाधीश यांनी समोरासमोर बसून घासाघीस करायची नाही.

पोर्तुगालमध्ये मात्र संघटना हरली. आर्थिक संकटात 2014 मध्ये तिथल्या सरकारनं सार्वजनिक क्षेत्रातले पगार तात्पुरते कापले, त्यात न्यायाधीशही आले. न्यायाधीशांची संघटना लढली आणि प्रकरण युरोपीय संघाच्या न्यायालयापर्यंत गेलं. फेब्रुवारी 2018 च्या निकालानं तत्त्व मान्य केलं: कामाच्या तोलाचा पगार हा न्यायाधीशाच्या स्वातंत्र्याचा भाग आहे. पण ही कपात तात्पुरती होती, मर्यादित होती आणि इतर कितीतरी सरकारी पदांवरच्या लोकांनाही लागू होती. न्यायाधीशांना वेगळं काढून शिक्षा केलेली नव्हती. म्हणून ती वैध ठरली. मला हा निकाल पटतो. अख्खा देश पोटाला चिमटा काढत असताना न्यायाधीशांनीही काढावा. हरकत आहे ती फक्त त्यांना एकट्यांना चिमटा काढण्याला.

पगाराची 2.81 पट आली कुठून

आपल्याकडे पहिला राष्ट्रीय न्यायिक वेतन आयोग 1996 मध्ये न्यायमूर्ती के. जगन्नाथ शेट्टी यांच्या अध्यक्षतेखाली नेमला गेला. कोर्टाच्या आवारात आजही 'शेट्टी कमिशन' म्हटलं की वकिलापासून शिपायापर्यंत सगळ्यांना कळतं. त्याचा अहवाल 1999 मध्ये आला आणि 21 मार्च 2002 ला सर्वोच्च न्यायालयानं तो बऱ्याच अंशी मान्य केला. निम्मा खर्च केंद्रानं उचलावा ही शिफारस मात्र नाकारली. खर्च राज्यांनीच करायचा, पैसे कमी पडले तर वित्त आयोगाकडे मागा किंवा कोर्ट फी वाढवा, असं सांगितलं. कोर्ट फीचा हा पर्याय मला खटकतो. त्याचा भार शेवटी दाद मागायला येणाऱ्यावरच पडतो.

त्याच निकालात आणखी एक आदेश होता, ज्याची आठवण सरकारांना नको असते. दहा लाख लोकसंख्येमागे तेव्हा साधारण साडेदहा ते तेरा न्यायाधीश होते. ते पाच वर्षांत पन्नासवर न्या, असं न्यायालयानं सांगितलं. आज मंजूर पदं धरूनही हा आकडा एकवीसच्या आसपास आहे. 'तारीख पे तारीख'चं खापर न्यायाधीशाच्या सुट्ट्यांवर फोडण्याआधी हा आकडा डोळ्यांसमोर ठेवावा.

पुढे 2009 मध्ये न्यायमूर्ती ई. पद्मनाभन समितीनं पगार सुधारले, 2006 पासून लागू. त्यानंतरचा दुसरा राष्ट्रीय न्यायिक वेतन आयोग न्यायमूर्ती पी. व्यंकटराम रेड्डी यांचा. त्यानं पगार कसा काढला ते पाहण्यासारखं आहे, कारण 'मनाला येईल तो आकडा लावला' या आरोपाचं उत्तर त्या हिशेबातच आहे.

उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाचं मूळ वेतन 80,000 रुपये होतं. संसदेनं 2018 मध्ये कायदा करून, 1 जानेवारी 2016 पासून, ते 2,25,000 केलं. म्हणजे 2.81 पट. आयोगानं म्हटलं, वरच्या न्यायाधीशाचा पगार ज्या पटीत वाढला त्याच पटीत खालच्याचा वाढवू. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर, म्हणजे एमपीएससीची परीक्षा देऊन तालुक्याच्या कोर्टात पहिल्यांदा बसणारा न्यायाधीश, त्याचं सुरुवातीचं मूळ वेतन 27,700 होतं. त्याला 2.81 नं गुणा: 77,837. जवळच्या दहाच्या पटीत 77,840. दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तराचं मूळ वेतन 1,11,000 पासून सुरू होतं, जिल्हा न्यायाधीशाचं 1,44,840 पासून. खालच्या पायरीवरचा पगार वरच्या पायरीच्या पुढे जाऊ शकत नाही, आणि वरचा पगार संसदेनं ठरवलेला. यात न्यायाधीशांच्या मर्जीला जागा कुठं आहे?

आयोगानं अहवाल जानेवारी 2020 मध्ये दिला. 27 जुलै 2022 ला नवी वेतनरचना मान्य झाली, म्हणजे ती ज्या तारखेपासून लागू होती त्यानंतर साडेसहा वर्षांनी. थकबाकी हप्त्यांनी द्यायची होती: पंचवीस टक्के तीन महिन्यांत, पंचवीस त्यापुढच्या तीन महिन्यांत, उरलेली निम्मी जून 2023 पर्यंत. सरकारी बाजूनं फेरविचार मागितला, तो फेटाळला गेला. 19 मे 2023 ला पेन्शनचा निकाल आला, 4 जानेवारी 2024 ला भत्त्यांचा. तरी पैसे हातात पडेनात. शेवटी 2024 मध्ये अनेक राज्यांच्या मुख्य सचिवांना आणि वित्त सचिवांना सर्वोच्च न्यायालयानं हजर राहायला सांगितलं, तेव्हा कुठे आदेशांची अंमलबजावणी सरकू लागली.

राज्यांचा युक्तिवाद बहुतेक वेळा एकच होता: बोजा पडतो. न्यायालयाचं म्हणणं होतं की, न्यायव्यवस्था चालवणं हे राज्याचं घटनात्मक कर्तव्य आहे, पैसे उरले तर करायचं काम नव्हे. कामाच्या तासांचाही मुद्दा निघाला. न्यायाधीश अकराला बसतो आणि संध्याकाळी उठतो, बाकी काय? बोर्डावर लागलेली कामं ही दिसणारी बाजू. दुसऱ्या दिवशीच्या फाईली वाचणं, रात्री निकालपत्र लिहिणं, सुट्टीच्या दिवशी रिमांडचं काम, रविवारी कायदेविषयक शिबिर, लोक न्यायालय, तुरुंगाची पाहणी, कार्यालयाचा कारभार. शेजारच्या कोर्टाचा न्यायाधीश बदलून गेला आणि जागा रिकामी राहिली की त्या कोर्टाचा चार्जही यांच्याकडेच. निवृत्तांचा मुद्दा तर आणखी टोकदार आहे. वकिली सोडून आयुष्य न्यायाधीशाच्या खुर्चीवर काढलेल्या माणसाला म्हातारपणी औषधासाठी हात पसरावा लागला, तर हुशार तरुण या वाटेला येतील कशाला?

ज्यांच्यासाठी आयोग उशिरा पोचला

एवढं सगळं मान्य करूनही एक गोष्ट मला बोचते. कोर्ट म्हणजे फक्त न्यायाधीश नव्हे. समन्स घेऊन उन्हातान्हात पत्ता शोधत फिरणारा बेलीफ, रोजनामा लिहिणारा लिपिक, साक्ष टंकणारा लघुलेखक, मुद्देमाल आणि रोकड सांभाळणारा नाझर, तारखेला नेमकी फाईल शोधून आणणारा शिपाई, यांच्यावाचून एकही केस पुढे सरकत नाही. बेलिफाची जागा रिकामी असेल तर समन्स बजावलं जात नाही. समन्स बजावलं नाही तर समोरचा हजर होत नाही, आणि पक्षकाराला मिळते पुढची तारीख. लघुलेखक नसेल तर निकाल तयार असूनही टंकायचा राहतो.

शेट्टी आयोगानं या कर्मचाऱ्यांचाही विचार केला होता. त्यांच्याबद्दलच्या शिफारशी 2003 पासून लागू करायला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं ते 2009 मध्ये. उच्च न्यायालयाच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठी घटनेत कलम 229 आहे. त्यांच्या सेवाशर्ती मुख्य न्यायमूर्ती ठरवतात, पण पगार आणि भत्त्यांच्या नियमांना राज्यपालांची, म्हणजे प्रत्यक्षात सरकारची, मान्यता लागते. तिथंही फाईल मंत्रालयातच जाते. जिल्हा न्यायालयातल्या कर्मचाऱ्याला तेवढाही आधार नाही.

न्यायाधीशांच्या संघटनेनं आणि वकिलांच्या संघटनांनीही हा प्रश्न तितक्याच जोरानं हाती घ्यावा असं मला वाटतं. वकील मंडळी न्यायाधीशांच्या बदल्या आणि रिकाम्या जागांवरून आवाज उठवतात. टंचाईत काम करणाऱ्या नाझर कार्यालयाबद्दल किंवा बेलिफाच्या प्रवासखर्चाबद्दल बार रूममध्ये ठराव झाल्याचं क्वचितच ऐकू येतं. आणि अशिलाला रोज फटका बसतो तो तिथंच.

2024 च्या निकालानं एक चांगली सोय करून ठेवली आहे. प्रत्येक उच्च न्यायालयात जिल्हा न्यायव्यवस्थेच्या सेवाशर्तींसाठी कायमची समिती नेमायची, म्हणजे थकबाकी, पेन्शन, भत्ते यांसाठी प्रत्येक वेळी दिल्लीला धाव घ्यावी लागू नये. या समित्यांचं काम न्यायाधीशांच्या सेवाशर्तींपुरतं आहे. कर्मचाऱ्यांच्या तक्रारींनाही अशीच कायमची जागा मिळवून देणं उच्च न्यायालयांच्या हातात आहे. 2016 पासून लागू झालेल्या वेतनाला दहा वर्षं पूर्ण झाली आहेत, त्यामुळे पगाराचा प्रश्न पुन्हा येणारच. या वेळी आयोगासमोर बेलीफ आणि लघुलेखक यांचं म्हणणं न्यायाधीशांच्या बरोबरीनं, पहिल्याच दिवसापासून ऐकलं जावं.